फोड कुठला, हे आधी विचारा

अलेप्पोचा फोड, बगदादचा फोड, दिल्लीचा फोड. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत एकाच आजाराला अशी शहरांची नावं दिलेली आढळतात. ही नावं मला खटकतात. शहराच्या माथी आजार मारला, की तिथली माणसंही बदनाम होतात. पण या नावांत एक खरी गोष्ट दडलेली आहे. हा आजार ओळखायचा असेल, तर माणूस कुठे राहून आला हे आधी विचारावं लागतं. आणि आपल्याकडे नेमकं तेच विचारलं जात नाही.

आजाराचं नाव त्वचेचा लेशमॅनियासिस. एक सूक्ष्म परजीवी वाळूमाशीच्या मादीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. ही माशी डासापेक्षा खूप लहान. आवाज न करता, बहुधा संध्याकाळी नि रात्री चावते. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी चेहऱ्यावर किंवा हातापायांवर पुळी उठते, वाढते, फुटते. कडा उंचावलेल्या, मधे खपली, आणि बहुतेकदा दुखणं नाही. दुखत नाही म्हणून माणूस स्वस्थ बसतो.

महाराष्ट्रात हा आजार सहसा आढळत नाही. पण राजस्थानात बिकानेरकडे, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आणि सौदी अरेबियाच्या अल-अहसा भागात तो आहे. कोकणातल्या किती घरांतली माणसं आखातात राबतात, हे सांगायला नको. असा कुणी सुट्टीवर घरी आला, तोवर चावा केव्हाच विसरलेला असतो. मग साधं गळू समजून अँटिबायोटिक दिलं जातं. गुण आला नाही की कुष्ठरोगाची किंवा त्वचेच्या क्षयाची शंका घेतली जाते. त्या एका शब्दानं घरात काय होतं, ते आपण सगळे जाणतो.

वास्तविक तपासणी अवघड नाही. व्रणाच्या मधोमध नव्हे, तर कडेचा भाग खरवडून काचपट्टीवर घेतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात परजीवी दिसला नाही, तरी आजार नाहीच असं म्हणता येत नाही. कातडीचा तुकडा किंवा पीसीआर तपासणी लागू शकते. परजीवीची जात कळली, तर उपचार ठरवणं सोपं जातं. काही फोड आपोआप बरे होतात, काहींना व्रणातच इंजेक्शन किंवा उष्णतेचा उपचार देतात. व्रण मात्र कायमचा राहू शकतो.

काबूल हे या आजाराचं जगातलं एक मोठं केंद्र. युद्धानं पडकी झालेली घरं, तुटलेल्या भिंती, कचरा यांत वाळूमाशीला आसरा मिळतो. तिथे चेहऱ्यावर व्रण असलेल्या मुलीचं लग्न अडतं. लोक तिला शिवायला घाबरतात. वास्तविक हा आजार स्पर्शानं पसरत नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही. त्या मुलीचा गुन्हा एवढाच, की पडक्या घरात ती रात्री झोपली.

म्हणून डॉक्टरांना विनंती: महिनाभरात न भरलेला, न दुखणारा व्रण दिसला, तर 'गेल्या वर्षभरात कुठे होता?' एवढं जरूर विचारा. आणि परतलेल्या भावांनो, न विचारता सांगा. कुठे कामाला होतो, हे सांगण्यात लाज कसली?