भाव लावणारा वेगळा हवा

कांद्याचा भाव पटला नाही तर आपण चार दुकाने फिरतो. शेअर बाजारातल्या कंपन्यांचा भावही रोज जाहीर होतो. पण ज्या कंपनीचे शेअर बाजारात विकलेच जात नाहीत, त्यांचा भाव कोण लावतो? पुष्कळदा आपला पैसा सांभाळणारी कंपनीच! तिची फी बहुधा निधीच्या एकूण किमतीवर शेकड्याने ठरते. भाव चढा लावला की फी वाढली. शिवाय फुगवलेल्या भावाने जो आधी पैसे काढतो तो फायद्यात जातो आणि मागे राहिलेल्याच्या पदरी तोटा पडतो.

इंग्लंडमध्ये नील वुडफर्ड यांचा निधी २०१७ साली एक हजार कोटी पौंडांवर गेला होता. त्यातला काही पैसा अशाच बाजाराबाहेरच्या कंपन्यांत होता. पुढे लोक पैसे काढू लागले. जून २०१९ मध्ये केंट कौंटी कौन्सिलने आपल्या नोकरांच्या पेन्शन फंडाचे सुमारे २६ कोटी पौंड परत मागितले, आणि निधीचे दार बंद झाले. तीन लाखांहून अधिक लोक अडकले. निधी पुन्हा उघडलाच नाही. भाव लावण्याची आणि देखरेखीची जबाबदारी लिंक नावाच्या वेगळ्या कंपनीवर होती. मागितल्यावर पैसा मोकळा होईल, ही काळजी तिने घेतली नाही, असा ठपका तिथल्या सरकारी नियंत्रकाने २०२४ साली ठेवला. म्हणजे राखणदार नुसता नेमून भागत नाही, तो जागा असावा लागतो.

आपल्याकडचे युनिट-६४ आठवते ना? त्याचा भाव युनिट ट्रस्ट स्वतःच ठरवत असे. आतल्या मालमत्तेशी तो जुळेच असे नाही. जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्री थांबली आणि कामगारांची बचत अडकली. पुढे जानेवारी २००२ पासून भाव मालमत्तेच्या किमतीवर आला. मोठ्या धनिकांच्या पर्यायी निधींना तर सेबीने २०२३ साली स्वतंत्र मूल्यांकक सक्तीचा केला. श्रीमंत माणूस जो प्रश्न विचारतो, तो आपण का विचारू नये?

म्हणून कोणी ‘बाजारात येण्याआधीचे शेअर’ घेऊन दारात आला, तर चार गोष्टी लेखी मागा. भाव कोणी लावला? त्याला पैसे कोण देतो? भाव शेवटचा कधी तपासला? पैसे परत मागितले तर किती दिवसांत मिळतील? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. घामाचा पैसा आहे, त्याचा हिशेब मागण्यात लाज कसली?