ऑसिलेटरमधली ज्या

भास्कराचार्यांनी सिंथेसायझर शोधला नाही. त्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) जीवा काढण्याची जी रीत आहे, तीही मूळची सातव्या शतकातील पहिल्या भास्कराची, 'महाभास्करीया'त ती ग्रहगणितासाठी येते. 'सगळे आपल्याकडे होतेच' म्हणणाऱ्यांना दोन भास्करही वेगळे ठेवता येत नाहीत, आणि त्या गर्दीत खरी नवलाई हरवते.

रीत आजच्या भाषेत अशी: अंशांतील कोनाला, तो १८० मधून वजा करून उरलेल्या संख्येने गुणावे. त्या गुणाकाराची चौपट, ४०५०० उणे तोच गुणाकार, याने भागावी. ३० अंशांना १८००० भागिले ३६०००, म्हणजे नेमके अर्धे! एरवीही साइनमधील चूक ०.००१७ पेक्षा कमीच.

सिंथेसायझरच्या ऑसिलेटरला शुद्ध स्वरासाठी हाच वक्र हवा असतो. कोन ० ते १८० न्यावा, उरलेल्या अर्ध्या फेरीत चिन्ह उलटावे. सेकंदाला २२० फेऱ्या झाल्या की २२० हर्ट्‌झचा स्वर. उरलेल्या चुकीमुळे तिप्पट, पाचपट कंप्रतेचे अतिक्षीण स्वर मिसळतात, इतकेच.

चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख सांगतो, की नातू चांगदेवाने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापिला. मिरवण्यासाठी नव्हे, शिकवण्यासाठी.