वय नको, धूर मोजा

अलोरे गावात आमच्या दारात सोळा वर्षांची डिझेल जीप आहे. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले की तीच चिपळूण गाठते. अशा जुन्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. पर्यावरण कर वेगळाच.

धूर वाईट, हे मान्य. माझी लेकरेही त्याच हवेत श्वास घेतात. पण सरकार बघते ते गाडीचे वय. ती किती धावली, किती धूर सोडला, हे कोण विचारतो? ऐपतवाला नवी गाडी घेऊन सुटतो. ज्याला परवडत नाही, तोच भुर्दंड भरतो. हा इन्साफ नव्हे. पीयूसीच्या यंत्रावर धूर मोजा, त्यावरच कर लावा. आणि आधी रात्री हाताशी येईल असे वाहन गावाला द्या. मग जीप मोडीत काढायला सांगा.