एकच वाढप

नैवेद्य आपण देवास अर्पितों व तोच प्रसाद म्हणून ग्रहण करितों, हें वाचकांस सांगावयास नको. कॅथलिक मिस्सेंत मात्र गव्हाच्या बेखमीर भाकरीचें व द्राक्षारसाचें सत्त्व पालटून ख्रिस्त स्वतःच अन्न होतो, अशी श्रद्धा आहे. आमचा यवतमाळ जिल्हा १९५५ सालीं स्थापिलेल्या अमरावती धर्मप्रांतांत मोडतो. अंथरुणास खिळलेल्या भाविकास ती भाकर घरीं नेऊन देतात. सेवनाआधीं एक तास उपवास. पूर्वीं तो मध्यरात्रीपासून असे. (आमच्या एकादशीची गतही निराळी नाहीं!) बाप्तिस्मा नसलेल्यास ही पंगत बंद, आंत मात्र मालक व मजूर यांस एकच वाढप, असा नियम. माझ्या बाळपणीं आमच्या गड्याचें पान अंगणांत मांडीत. वाढावयास मला पाठवीत. वरून, हात न लागूं देतां.