ट्रॅक्टरवरील मापके : शोभेची कोणती, कामाची कोणती?

जुना ट्रॅक्टर विकत घेताना प्रथम टायर पाहावेत, हायड्रॉलिकची उचल पाहावी, की इंजिनाचा आवाज ऐकावा, याविषयी अनुभवी शेतकऱ्यांत मतभेद असतील. परंतु चालकासमोरील मापकांच्या पाटीकडे मात्र बहुधा कोणीच लक्ष देत नाही. काचा धुरकटलेल्या, काटे शून्यावर निजलेले आणि मागच्या तारा कापून गुंडाळून ठेवलेल्या, अशी ती पाटी गावोगाव दृष्टीस पडते. “मीटर बंद आहेत, पण इंजिन उत्तम आहे,” असे विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. वस्तुतः मीटर बंद असताना इंजिन उत्तम असल्याचे आपण कशावरून ठरविले, असा प्रश्न तेथल्या तेथे विचारला गेला पाहिजे.

अलीकडे काही हौशी ट्रॅक्टरमालक बाजारातून नवी मापके आणून बसवू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि शहरातील मोटारींच्या साजसामानाच्या दुकानांत मिळणारा बराचसा माल वेगवान मोटारींच्या शौकिनांसाठी बनविलेला असतो. टर्बोचा दाब दाखविणारे, धुराड्यातील वायूंची उष्णता दाखविणारे, सात रंगांत उजळणारे, असे त्याचे नाना प्रकार आहेत. ज्याने आपल्या मोटारीच्या इंजिनात फेरफार करून त्यातून मुळापेक्षा अधिक शक्ती काढली आहे, त्याला टर्बो किती हवा कोंबतो हे क्षणोक्षणी कळणे आवश्यकच असते. आपल्या ट्रॅक्टरचे इंजिन मात्र धुळीत, जवळजवळ एकाच गतीने, भार घेऊन तासन्‌तास चालणारे आहे. त्याचे दुखणे निराळे आणि म्हणून त्याची नाडी पाहण्याचे साधनही निराळे. मापक निवडताना एकच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे : कोणता बिघाड इंजिनाचा घात करतो आणि त्याची पूर्वसूचना हे मापक किती अगोदर देते? या कसोटीला वंगणतेलाच्या दाबाचे आणि पाण्याच्या उष्णतेचे अशी दोनच मापके पूर्णपणे उतरतात. त्यांच्या जोडीला तास मोजणारे मीटर असावे. बाकीच्यांना पैसे उरल्यास जागा द्यावी.

प्रथम तेलाच्या दाबाविषयी. क्रँकच्या बेअरिंगांत धातूवर धातू घासत नाही, याचे कारण त्यांच्यामध्ये दाबाने शिरलेला तेलाचा पातळ थर होय. हा थर तुटला की काही मिनिटांतच बेअरिंग वितळू लागते आणि इंजिन जाम होते. कंपनीने बसविलेला लाल दिवा यावर पुरेसा आहे, असा अनेकांचा समज असतो. हा दिवा पेटविणारी कळ साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला ०.३ ते ०.५ किलोग्रॅम इतक्या अल्प दाबावर काम करते. भार घेऊन चालणाऱ्या इंजिनात हा दाब सर्वसाधारणपणे अडीच ते चार किलोग्रॅम असावा लागतो. नेमका आकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. म्हणजे तीनवरून एकावर दाब उतरला तरी दिवा मुकाट असतो. पंप झिजला, चाळणी चोंदली, डिझेल गळून तेल पातळ झाले, तर दाब असा हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने उतरत जातो. ही उतरण काटा दाखवितो. दिवा दाखवीत नाही. दिवा पेटतो तेव्हा बातमी खरी असते, पण ती बहुधा मयताची असते.

या कामासाठी यांत्रिक मापक घ्यावे, असा आमचा आग्रह आहे. यूजीन बूर्दाँ या फ्रेंच यंत्रज्ञाने १८४९ साली ज्या चपट्या, वाकविलेल्या नळीचे पेटंट घेतले, तीच नळी आजही या मापकांत असते. आत दाब आला की नळी सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेले लहानसे दंतचक्र काटा फिरविते. तिला वीज लागत नाही. बॅटरी उतरली तरी ती खरे सांगते. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांच्या फवारणीयंत्रावर दाबाचे जे घड्याळ असते, तेही याच जातीचे आहे. ते घरात पडून आहे म्हणून इंजिनाला लावण्याचा मोह मात्र टाळावा. त्याच्या तबकडीवर साठ किंवा शंभर किलोग्रॅमपर्यंत आकडे असतात आणि अशा मापकांची चूक पूर्ण तबकडीच्या टक्केवारीत सांगितली जाते. १.६ टक्के चुकीचे शंभर किलोग्रॅमचे मापक दीड किलोग्रॅमहून अधिक चुकू शकते. म्हणजे इंजिन जगले की मेले एवढाच त्या चुकीचा आवाका. त्याच दर्जाचे सात किलोग्रॅमचे मापक एकदशांश किलोग्रॅमच्या आसपासच चुकते. नेहमीचा दाब तबकडीच्या मध्यभागी येईल, असेच मापक निवडावे. तबकडीवर पौंडांचे आकडे असल्यास गोंधळू नये. एक किलोग्रॅम म्हणजे सुमारे १४.२ पौंड. काटा थरथरत असेल तर ग्लिसरीन भरलेले मापक अधिक बरे.

यांत्रिक मापकाचा एक दोष सांगणे आवश्यक आहे. त्याच्या नळीतून प्रत्यक्ष तेल येते आणि ती फुटली तर तेलाची गळती होते. तांब्याची नळी असेल तर इंजिनाजवळ तिचे दोन वेटोळे करून ठेवावे, म्हणजे कंपनाने ती तडकत नाही. प्लॅस्टिकची असेल तर धुराड्यापासून दूर न्यावी. हे जमण्यासारखे नसेल, तरच विजेवर चालणारे मापक घ्यावे.

विजेच्या मापकात दोन भाग असतात : पाटीवरील काटा आणि इंजिनात बसणारा सेंडर. हे दोन्ही एकाच जोडीचे असावे लागतात. दाबाच्या एका प्रकारच्या सेंडरचा विद्युत्‌रोध दाब नसताना सुमारे १० ओहम व पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम असतो; दुसऱ्या प्रकारात तो दाब नसताना २४० व पूर्ण दाबाला ३३ असतो. म्हणजे दोहोंची चाल परस्परविरुद्ध आहे. दुकानदार “कोणताही चालतो” असे म्हणून हाती ठेवील, आणि मग दाब वाढला की काटा खाली येईल! चावी फिरवून, पण इंजिन सुरू न करता पाहावे. तेलाच्या दाबाचा काटा तेव्हा शून्यावरच असला पाहिजे. त्याचप्रमाणे एका तारेच्या सेंडरला दुसरी जोडणी इंजिनाच्या धातूतूनच मिळते. मिस्त्रीने गळती थांबविण्यासाठी त्याच्या आट्यांवर पांढरी टेप जाड गुंडाळली, तर ही जोडणी बिघडते आणि मापक भलतेच सांगू लागते. नवे मापक “खराब निघाले” म्हणून परत करण्यापूर्वी एवढे अवश्य तपासावे.

आता पाण्याच्या उष्णतेकडे वळू. या मापकाची परीक्षा प्रत्येकाला घरच्या चुलीवर घेता येते आणि ग्रामकार्यकर्त्यांनी तिचे प्रात्यक्षिक गावात करून दाखवावे अशी आमची सूचना आहे. भांड्यात पाणी खळखळ उकळावे, मापकाची लांब नळीच्या टोकाची कुपी त्यात बुडवावी आणि काटा स्थिरावू द्यावा. समुद्रकाठच्या गावी तो १०० अंशांवर, पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या ठिकाणी ९८ च्या जवळ आणि महाबळेश्वरी साडेपंचाण्णवच्या आसपास थांबावा. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. दहा अंशांनी चुकणारे मापक दुकानदाराला परत करावे. अशा मापकाचे मौन अधिक बरे.

कुपी कोठे बसवावी, हेही महत्त्वाचे आहे. इंजिनाच्या माथ्यातून तापलेले पाणी ज्या वाटेने रेडिएटरकडे निघते, त्या वाटेवर ती असावी. खालच्या नळीत थंड झालेले पाणी परत येते, तेथे नव्हे. निरोगी इंजिनात काटा बहुधा ८० ते ९५ अंशांत राहतो. रेडिएटरचे झाकण अर्धा किलोग्रॅम दाब धरून ठेवणारे असेल तर पाणी ११० अंशांच्या पुढे उकळते. परंतु झाकणाचे रबर गेले असेल तर पुण्यात ते ९८ अंशांवरच उकळू लागेल. पन्नास-शंभर रुपयांच्या रबरासाठी हेड गॅसकेट जाळून घेणारे मालक पुष्कळ आहेत.

मराठवाड्यात व विदर्भात ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू होते, तेव्हा या मापकाची खरी गरज भासते. ट्रॅक्टर एका जागी उभा असतो, भुसा उडत असतो आणि पंखा तो भुसा ओढून रेडिएटरच्या जाळीवर थापीत असतो. चालक बहुधा खाली उतरून पेंढ्या सारण्यात गुंतलेला असतो. अशा वेळी काट्याबरोबर भोंगा वाजविणारी कळही असावी, कारण पाहणारा जागेवर नसेल तर काटा कितीही प्रामाणिक असला तरी निरुपयोगीच. भोंग्याचा खर्च आम्ही शोभेत धरीत नाही.

एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी गळून पातळी कुपीच्या खाली गेली की काटा वर जाण्याऐवजी उतरू लागतो, कारण कुपीभोवती पाणीच उरलेले नसते. भाराखाली तापलेल्या इंजिनाचा काटा एकाएकी खाली आला तर चालकाने हायसे वाटून घेऊ नये; तत्काळ इंजिन थांबवावे. तेलाचा दाब कोसळला तरीही हेच करावे. मात्र पाणी शाबूत आहे, पट्टा तुटलेला नाही आणि केवळ उष्णता वाढत आहे, तर भार काढून इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहून उष्णता समान उतरते. गरम झाकण उघडण्याची घाई कोणत्याही परिस्थितीत करू नये.

अँमीटरविषयी दोनच शब्द : त्यातून साऱ्या गाडीची वीज जाते, सैल जोडणीने ती तापून आग लागू शकते. त्याऐवजी व्होल्टमीटर लावावे. इंजिन चालू असताना ते चौदाच्या आसपास असले की चार्जिंग ठीक समजावे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले आहेत. त्यापुढे आलेल्या अशा ट्रॅक्टरांच्या इलेक्ट्रॉनिक तारांना गावच्या मिस्त्रीचा हात लागू देऊ नये; हमीही जाते आणि दोषही सापडत नाही.

तासांच्या मीटरविषयी मात्र मालकांची अनास्था आम्हाला खटकते. तेल बदलण्याची वेळ पुस्तिकेत तासांत दिलेली असते आणि आपण ती “दिवाळीला बदलले होते” अशा हिशेबाने ठरवितो. जुन्या ट्रॅक्टरांवरील केबलने फिरणारे मीटर ठराविक गतीलाच घड्याळाएवढा तास मोजते. इंजिन हळू चालले तर त्याचा तास लांबतो. विजेवरील मीटर प्रत्यक्ष वेळ मोजते. तासावर नांगरट करून देणाऱ्याने व घेणाऱ्याने कोणत्या तासावर पैसे ठरले, हे आधीच बोलून घ्यावे. बांधावरची अनेक भांडणे या एका खुलाशाने टळतील.

शेवटी एक व्यवहाराचा मुद्दा. इंजिन जाम झाले की मालक चालकाला जबाबदार धरतो, पगार अडवितो. आणि ज्या चालकासमोर एकही काटा चालू नव्हता, त्याच्यापाशी बचावाला शब्द नसतो. काही शे रुपयांचे मापक मालकाने बसवून न देता चालकाकडे लाखमोलाच्या इंजिनाचा जाब मागणे न्यायाचे नाही. ते बसविल्यावर चांगल्या अवस्थेत, तापलेल्या इंजिनावर, नेहमीच्या गतीला काटा जेथे राहतो तेथे काचेवर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. अक्षरओळख नसलेल्या चालकालाही ती रेघ वाचता येते, आणि नव्या चालकाला ट्रॅक्टर सोपविताना किल्लीबरोबर ती रेघही दाखवावी.