वीज कुठे मुरते?

दिवाळी अंकात उन्हाळ्याच्या गोष्टी काढल्याबद्दल वाचकहो, क्षमा असावी. पण आमच्या यंदाच्या दिवाळीचे अंदाजपत्रक मे महिन्यातल्या एका वीजबिलाने ठरवले, तेव्हा तिथूनच सुरुवात केलेली बरी.

सोलापूरचा मे आपणांस ऐकून तरी ठाऊक असेल. पारा ४२-४३ अंशांवर ठाण मांडून बसतो आणि रात्रीसुद्धा गच्चीची फरशी पायाला जाणवते. अशा दिवसांत बिल आले ४२० युनिटांचे. फेब्रुवारीत हाच आकडा २४० होता. आम्ही बिल वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि घरात गुन्हेगार शोधायला निघालो. तो लगेच सापडला. आईच्या खोलीतला कूलर रात्रभर चालत होता. ‘आई, कूलर जरा बेताने लावत जा,’ एवढेच आम्ही म्हणालो.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने उत्तर दिले नाही. त्या रात्रीपासून कूलर बंद. ओला पंचा अंगावर घेऊन ती झोपू लागली. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारात तिला भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, अंगातले पाणी कमी झाले आहे. मग ‘रात्री खोलीत वारा असतो ना?’ असे विचारून त्यांनी आमच्याकडे पाहिले. तेव्हा आमची नजर कुठे होती ते न सांगितलेले बरे.

कूलर त्याच दिवशी सुरू झाला. पण बिलाचा प्रश्न होताच. आपल्याकडे घरगुती विजेचे दर पायऱ्यांनी चढतात. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ पासून ३०० पर्यंत दर दुपटीच्या घरात, ३०० च्या पुढे आणखी वर आणि ५०० नंतर त्याहून वर. पुष्कळांचा समज असतो की ३०१ वे युनिट पडले की साऱ्या बिलाला वरचा दर लागतो. तसे नाही, वरचा दर वरच्या युनिटांनाच. मात्र त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क येऊन बसतात. म्हणून वाचवायचे ते ही शेवटची, महागातली युनिटे. आमच्या फताटेवाडीला १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. ते पूर्ण भाराने चालले तर तासाला १३ लाख २० हजार युनिटे काढील. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘मग आपल्याला गावकरी म्हणून काही सूट?’

चिरंजीव पुण्याला असतात. त्यांनी फोनवर फर्मावले, ‘बाबा, एनर्जी मॉनिटर बसवा. सगळे मोबाईलवर दिसते.’ आम्ही नव्या पेठेत गेलो. एका दुकानदाराने आधी हातात ठेवले ते ‘पॉवर सेव्हर’ नावाचे डबडे. भिंतीत खोचा, बिल निम्मे! आत असतो एक कपॅसिटर. घरगुती बिल युनिटांवर होते, त्यामुळे या डबड्याने ते घटत नाही. उलट त्यावरचा हिरवा दिवा तेवढा वीज खातो. आम्ही हात जोडून बाहेर पडलो. मीटरच्या सीलला हात लावून बिल कमी करून देणारे महाभागही भेटतात. तो वीज कायद्याने चोरीचा गुन्हा आहे, त्यांना दारातही उभे करू नये.

खरा शोध लावला सौभाग्यवतींनी, आणि तोही फुकटात. जुन्या काळ्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची, तिच्यावरची लाल खूण मोजून वडीलमंडळी हिशेब करीत. आताच्या मीटरवर त्या चकतीच्या जागी एक लाल दिवा लुकलुकतो. किती लुकलुकींना एक युनिट, ते मीटरवरच छापलेले असते. आमच्यावर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळे असेल. एका रात्री हिने घरातले सारे दिवे-पंखे बंद केले आणि घड्याळ घेऊन जिन्याखाली मीटरपुढे उभी राहिली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी ‘काही हरवलंय का?’ म्हणून विचारलेदेखील.

सारे बंद, तरी दिवा मिनिटाला आठ वेळा लुकलुकत होता. मिनिटाला आठ म्हणजे तासाला ४८०, म्हणजे १५० वॉट. अर्ध्या तासाने पाहिले, तरी आठच. आता चालू असे एकच राहिले होते. दूध नासेल म्हणून जो कुणी बंद करीत नाही, तो फ्रिज.

आता फ्रिज हा नाजूक विषय. तो हिच्या माहेरचा. बावीस वर्षांपूर्वी मामंजींनी दिलेला. आम्ही काही बोलायच्या आत हीच म्हणाली, ‘अहो, खात्री करून घेऊ. उगीच आरोप नको, एकदा झाला तेवढा पुरे.’

तेव्हा कुठे आम्ही यंत्र घेतले, आणि तेही साधे. भिंतीतल्या सॉकेटात हे खोचायचे आणि त्याच्यात उपकरणाची पिन. वॉट किती, युनिट किती, ते त्याच्या काचेवर दिसते. घेताना पाहायचे ते एवढेच की १६ अँपिअरचे आहे ना, कारण ६ अँपिअरच्या यंत्रावर गिझर किंवा इस्त्री लावणे धोक्याचे. आणि ते नुसते वॉट न दाखवता युनिटांची बेरीज ठेवते ना, हेही पाहावे. फ्रिजसारखी वस्तू थांबत-थांबत चालते, तिला चोवीस तास मोजल्याशिवाय अर्थ नाही.

निकाल असा. कूलर १७० वॉट. नऊ तासांच्या रात्रीला दीड युनिट, महिन्याला ४५. फ्रिज दिवसाला ३.६ युनिटे, महिन्याला १०८. दाराचे रबर कडक होऊन फाटले होते, मागची जाळी भिंतीला चिकटलेली, शेजारी गॅसची शेगडी. बिचारा कॉम्प्रेसर क्षणभर थांबत नव्हता. आमच्या जुन्या पंख्यांचाही वाटा निघाला. ते प्रत्येकी ७५ वॉट, नवे बीएलडीसी पंखे तिशीत भागवतात. गंमत वाटली ती सेट-टॉप बॉक्सची. टीव्ही बंद असतानाही १० वॉट, म्हणजे महिन्याला सात युनिटे झोपेत! उलट पाण्याच्या मोटरीवर आमचा राग होता, पण चार-पाच दिवसांआड येणारे पाणी चढवायला ती दोन तास चालते, महिन्याचे होतात १२-१३.

चिरंजीवांचे मोबाईलवाले यंत्र वाईट नाही. त्यात एक चिमटा येतो, तो घरातल्या बोर्डात मुख्य तारेभोवती बसतो आणि सबंध घराचा भार दाखवतो. चिमट्यात एकच तार हवी, दोन्ही धरल्या तर शून्य दिसते. थ्री-फेजला तीन चिमटे. नुसता प्रवाह मोजणारे स्वस्त यंत्र मोटरीच्या बाबतीत फसते, दाबही मोजणारे हवे, आणि बसवायला परवानाधारक वायरमनच हवा. ज्यांच्याकडे दोन एसी आहेत किंवा छतावर सोलर आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे. आमच्यासारख्यांना ते म्हणजे मच्छर मारायला तोफ.

रबर बदलले, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, शेगडीपासून लांब नेला. ३.६ चे २.१ झाले. नव्या, तारांकित लेबलाच्या तेवढ्याच फ्रिजला दिवसाला पाऊण युनिटही पुरते. म्हणून या दिवाळीला ना पैठणी, ना सोफा; फ्रिज येणार आहे. जुना भंगारात द्यायचा, असे हिनेच ठरवले. दोन दिवस त्याच्यावरची धूळ मात्र तीच पुसत होती.

ते खोचायचे यंत्र सध्या वरच्या मजल्यावर गेले आहे. त्यानंतर समोरच्यांनी नंबर लावला आहे, त्यानंतर आईच्या भजनी मंडळातल्या दोघींनी. मार्चपर्यंत परत आणून ठेवा, असे आईने बजावून सांगितले आहे. तिला कूलर पुन्हा एकदा मोजून घ्यायचा आहे.