सॅटर्नचा कैवार

सेगा सॅटर्नवर अन्याय झाला, असं हिरिरीने सांगणारं कुणी ना कुणी आपल्या धंद्यात नेहमी भेटतं. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे.

टूडी खेळांत सॅटर्न प्लेस्टेशनला भारी होता, यात वाद नाही. ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ १९९७ साली जपानात सॅटर्नवर आला तो ४ एमबीच्या रॅम कार्ट्रिजसह, आणि त्यात लढतीच्या मध्येच जोडीदार बदलता येई. प्लेस्टेशनच्या आवृत्तीत नेमकं तेच छाटावं लागलं. थ्रीडीतही ‘व्हर्चुआ फायटर २’ हाय-रेझोल्यूशनमध्ये सेकंदाला ६० फ्रेम देत होता. त्याच्या आखाड्याची जमीन व्हीडीपी-२ ही चिप परस्पर काढी, पॉलिगॉनचा खर्च न करता. विकले गेले सुमारे ९२ लाख सॅटर्न, त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या जपानात. अमेरिकेत ११ मे १९९५ रोजी सेगाने ३९९ डॉलरचं यंत्र ठरल्या वेळेच्या चार महिने आधी अचानक दुकानांत उतरवलं, आणि त्याच दिवशी सोनीने २९९ हा आकडा जाहीर केला. हा विक्री खात्याचा गोंधळ. त्यावर आणखी शाई घालवायला नको.

आपल्याला पडायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. ‘यंत्र उत्तम होतं, प्रोग्रॅमरांना वापरता आलं नाही’ हा बचाव आपण मान्य करायचा का? नाचता येईना अंगण वाकडे, असा हा आरोप. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर, पण बस सामायिक. एक मेमरीत शिरला की दुसरा ताटकळत उभा, आणि प्रत्येकाच्या हाताशी कॅश अवघी ४ केबी. बाकी सगळे त्रिकोणांकडे वळत असताना व्हीडीपी-१ चौकोन काढत होती. ती टेक्श्चरवरून चालत जाऊन एकेक ठिपका पडद्यावर टाकी, त्यामुळे वाकवलेल्या चौकोनात एकच पिक्सेल दोनदा रंगला जाई. अर्धपारदर्शक धूर किंवा पाणी दाखवायला गेलं की डाग पडत. म्हणून तर सॅटर्नच्या इतक्या खेळांत सावल्या जाळीदार दिसतात! जुन्या टीव्हीवर ती जाळी विरघळून खपून जाई, एवढंच.

लोबोटॉमी सॉफ्टवेअरने याच यंत्रावर ‘क्वेक’ चालवून दाखवला. कैवार घेणारे हे उदाहरण हमखास देतात. मला ते उलट बाजूचं वाटतं. मूळ ‘क्वेक’चं इंजिन तिथे निरुपयोगी होतं; त्यांनी ‘स्लेव्हड्रायव्हर’ हे स्वतःचं इंजिन वापरून खेळ त्यावर नव्याने उभा केला. हे कौतुकास्पदच. पण ज्याच्या मानेवर डेडलाइन आहे आणि ज्याला तोच खेळ दोन यंत्रांवर पोचवायचा आहे, त्याने असा संसार पुन्हा का मांडावा? ती कमाई लोबोटॉमीची, ती सॅटर्नच्या खात्यात टाकणं मला पटत नाही.

शिवाय यावर सेगाचं मत काय होतं, तेही उघड आहे. १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये मुख्य प्रोसेसर एकच होता, एसएच-४, आणि पॉवरव्हीआर चिप काढत होती त्रिकोण.